बुडाचा आकार आणि लाटांचा मार: नर्मदेच्या फुगवट्यासाठी नाव बनवतोय, सल्ला हवा

गोमाईकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी शहाद्याचा. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेड, गेट, पाण्याच्या टाक्या हे रोजचं काम. तीन वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्यावरच्या, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याकाठच्या एका गावाला लोखंडी नाव बनवून दिली. ८ मीटर लांब, १.६ मीटर रुंद, बूड सपाट, पत्रा ३ मिमी, मागे आउटबोर्ड इंजिन. मला टाकी बनवता येत होती, नावही त्याच पद्धतीने बनवली.

नाव चालली. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कुणाची तक्रार आली नाही. पण मे महिन्यात दरीत वारं भरलं की समोरच्या लाटेवर ती धाडधाड आदळते. नावाडी मला म्हणाला, "दादा, पुढे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोर उडतं." ते वाक्य मनातून जात नाही. आता त्याच गावाला दुसरी नाव हवी आहे. त्यांनी मोबाइलवर समुद्रातल्या बोटींचे व्हिडिओ पाहिलेत आणि बूड व्ही आकाराचंच पाहिजे म्हणतात.

दिवाळीत मालवणला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम दोन बोटींत बसलो. सकाळी गोल बुडाची जुनी लाकडी लाँच, दुपारी फायबरची वेगवान बोट, चपट्या बुडाची. समुद्र दोन्ही वेळी सारखाच उसळत होता. लाँच एकदाही आपटली नाही, पण अशी संथ झुलत होती की बायकोला आणि मला दोघांनाही उलट्या झाल्या. फायबरच्या बोटीत उलटी कुणालाच नाही, पण कंबर दोन दिवस धरली. मग चांगली बोट कोणती म्हणायची?

माझे वडील, आप्पा, पूल होण्याआधी तापीवर उतारूंची नाव चालवायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पानी नही मारस रे, बूड मारस." मला या वाक्यामागचं गणित हवं आहे. कुणी जहाजावर काम केलेलं, बोटी बांधलेलं असेल तर कृपया लिहा.

नाविक_एरंडोल

गोमाईकाठ भाऊ, नौदलात २२ वर्षं काढली, आता एरंडोलला शेती करतो. तुम्ही मालवणला जे अनुभवलंत त्यात दोन वेगळे त्रास आहेत. ते आधी सुटे करू, नाहीतर चर्चा भरकटेल.

पहिला आदळण्याचा. नाळ, म्हणजे नावेचा पुढचा भाग, लाटेवरून सुटते आणि खाली येताना पाण्यावर पडते. त्याने कंबर जाते, वेल्डिंग तडकतं. दुसरा झुलण्याचा: डावीउजवीकडे कलणं, पुढेमागे डोलणं, सगळ्या बोटीचं वरखाली होणं. उलटी होते ती यातल्या वरखाली होण्याने, आणि तेही ठरावीक तालात. साधारण पाच-सहा सेकंदांत एक हेलकावा, हा ताल माणसाच्या पोटाला सगळ्यात वाईट. त्याहून जलद धक्के बसले तर अंग ठेचकाळतं पण मळमळ कमी. तुमची लाँच नेमकी त्या तालात सापडली असणार.

गोल बूड लाटेला मऊ असतं, कारण पाणी त्याच्या कडेने सरकून जातं. पण डोलायला लागलं की त्याला थांबवायला काही नसतं. गोल माठ पाण्यात सोडा आणि परात सोडा, फरक लगेच दिसेल. यावर जुना, स्वस्त उपाय आहे. १९व्या शतकात विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या डोलण्याचा कसून अभ्यास केला. बुडाच्या वळणावर दोन्ही बाजूंना लांबलचक पट्ट्या लावल्या की डोलणं लक्षणीय कमी होतं, हे त्याने दाखवलं. बिल्ज कील म्हणतात त्यांना. आजही मोठमोठ्या जहाजांना असतात. पट्टी बोट थांबवत नाही. डोलताना तिच्या कडेला पाण्याचे भोवरे होतात आणि डोलण्याची ताकद त्यांत खर्च होते. तुम्हाला तर दोन पट्ट्या वेल्ड करणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

लाटमाप

मूळचा अमळनेरचा, सध्या कोचीत जहाजांच्या आराखड्यांचं काम करतो. धागा वाचून फार आनंद झाला. आपल्याकडून नावेबद्दल कुणी इतक्या तळमळीने विचारेल असं वाटलं नव्हतं.

आप्पांचं वाक्य शब्दशः खरं आहे. सपाट बूड पाण्यावर पडतं तेव्हा पूर्ण क्षेत्रफळ एकाच क्षणी टेकतं. बाजूला सरकायला पाण्याला वेळच मिळत नाही, म्हणून त्या क्षणापुरतं ते दगडासारखं वागतं. व्ही आकाराचं बूड आधी कण्याच्या धारेने शिरतं, मग दोन्ही बाजूंचा पत्रा हळूहळू भिजत जातो. धक्का तेवढाच राहतो, पण जास्त वेळात वाटला जातो. शेतकऱ्याला सांगायचं तर नांगराचा फाळ मातीत शिरतो आणि वखराची पास आडवी टाकली तर ती मातीवर आपटते. याचं पहिलं नीट गणित १९२९ साली फॉन कार्मान या विमानशास्त्रज्ञाने मांडलं, तेही बोटींसाठी नाही. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तरंगे फुटू नयेत म्हणून.

बुडाचा पत्रा आडव्या रेषेपासून जितका वर उचललेला, त्या कोनाला डेडराइज म्हणतात. आपण त्याला उचल म्हणू. सपाट बुडाची उचल शून्य. व्हिडिओत दिसतात त्या वेगवान बोटींची मागेसुद्धा २० अंशांच्या वर असते. ही पद्धत रुजवली ती अमेरिकेतल्या रेमंड हंट यांनी. १९६० मध्ये मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना त्यांच्या आराखड्याची 'मॉपी' नावाची बोट पहिली आली. तिची उचल सुमारे २४ अंश, आणि ती मागच्या टोकापर्यंत तशीच राखलेली. तोवर लोक पुढे व्ही ठेवायचे आणि मागे सपाट करून टाकायचे.

पण भाऊ, लगेच २४ अंशांचा पत्रा कापू नका. ते उत्तर वेगाच्या प्रश्नाला आहे. ती बोट पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळते आणि त्यासाठी प्रचंड इंजिन लागतं. तुमची नाव पाण्यात बुडून चालते. अशा नावेला स्वतःच्याच लाटेची मर्यादा असते: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, म्हणजे वेग ताशी सागरी मैलांत येतो. ८ मीटरच्या नावेची पाण्यातली लांबी साडेसात मीटर धरली तर उत्तर येतं साडेसहाच्या थोडं वर, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. त्यापुढे कितीही पेट्रोल जाळलं तरी नाळ वर आणि मागचा भाग खाली, एवढंच होणार. मला प्रामाणिकपणे सांगा, तुमचा नावाडी ती किती वेगाने चालवतो?

गोमाईकाठ (धागाकर्ता)

लाटमाप सर, शतशः आभार. नावाडी सांगतो की रिकामी असताना तो इंजिन पूर्ण उघडतो. भरलेली असताना ताशी १२-१४ किलोमीटर असेल.

देवगडची_लेक

माझं माहेर देवगड, सासर चोपडा. लग्नाला १९ वर्षं झाली, पण दर्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यामुळे लिहिते.

आमच्या बाबांची छोटी होडी होती, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती. उंच बाजूची पण बुडाला बारीक. तशीच सोडली तर उलटेल, म्हणून एका अंगाला दोन आडव्या दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधलेला, त्याला उलांडी म्हणतात. होडी लाट कापते आणि उलांडी तिला सावरते. एकाच बुडाकडून दोन्ही कामं मागायची नाहीत, हे आमच्या लोकांनी कधीच ओळखलं होतं. बाबा लाट घेताना उलांडी कुठल्या अंगाला आहे ते बघूनच वळायचे.

आणखी एक, सगळे समोरच्या लाटेबद्दल बोलताय म्हणून. बाबांना समोरच्या लाटेची भीती वाटायची नाही. भीती मागच्या लाटेची. किनाऱ्याकडे परतताना लाट मागून येते, रुंद आणि सपाट पाठ असेल तर तिला उचलून ढकलते, नाळ पुढच्या पाण्यात रुतते आणि होडी गर्रकन आडवी होते. आडवी झाली की पुढची लाट संपवते. मागचं टोकही निमुळतं असलं तर लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. तुमच्या आउटबोर्डला मागे सपाट फळी लागणारच, ते कळतं. पण नावाड्याला मागच्या लाटेबद्दल सांगून ठेवा.

लाटमाप

ताई, तुमच्या बाबांनी जे सांगितलं त्याचे आकडे देतो.

खोल पाण्यात लाटेची लांबी तिच्या तालावरून काढता येते. दोन शिखरं एका जागेवरून जायला किती सेकंद लागतात ते मोजा, त्याचा वर्ग करा, १.५६ ने गुणा. चार सेकंदांची लाट २५ मीटर लांब, आठ सेकंदांची १०० मीटर. ही समुद्राची लाट. चार सेकंदांची लाट ताशी साडेबावीस किलोमीटरने धावते. तुम्ही ताशी २० ने तिच्यावर चालून गेलात तर दर दोन सेकंदांना एक शिखर तुमच्या नाळेखाली येतं, म्हणजे आदळआपट. तोंड फिरवून त्याच वेगाने लाटेबरोबर निघालात तर एक शिखर पुढे जायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ बोट लाटेच्या उतारावर बसलेली असते, सुकाणूला पाण्याचा जोर मिळत नाही. सगळं शांत वाटत असतं आणि तिथेच ती आडवी होते.

आता आपल्या फुगवट्याकडे येऊ. तिथे लाटेला वाढायला जागा कमी. ३ किलोमीटर सरळ मोकळं पाणी आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा धरला तर लाट जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची, दोन सेकंदांची, सहा मीटर लांबीची होते. समुद्राच्या मानाने किरकोळ, पण आखूड आणि उभी. तुमची ८ मीटरची नाव अशा लाटेपेक्षा लांब आहे. म्हणजे ती एका शिखरावरून दुसऱ्यावर टेकून जाईल, फार डोलणार नाही, फक्त पुढचा तीन-एक मीटर भाग मार खाईल. तुमचा प्रश्न पूर्ण बुडाचा नाही, पुढच्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. समुद्रातल्या बोटीची नक्कल केलीत तर जे दुखत नाही त्यावर औषध होईल.

राजवाडे_वाचक

धुळ्याचा. जहाजांतलं कळत नाही, इतिहास वाचतो. १८व्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत आंग्र्यांच्या गुराबांबद्दल, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजांबद्दल, एक तपशील आहे, तो इथे अगदी लागू पडतो. गुराब मध्ये रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली, नाळ चोचीसारखी बाहेर काढलेली. त्या आकारामुळे समोरच्या लाटेत ती फार डोलायची आणि चोच पाण्यात जायची. म्हणून त्या चोचीवरच्या फळ्यांना कठडाच ठेवत नसत. लाट वर येई आणि तशीच वाहून जाई, पाणी अडून राहत नसे. आकाराची उणीव माहीत होती आणि तिला वाट करून दिली होती. लाटमाप यांच्याकडून जाणून घ्यायचं आहे: नाळ फार टोकदार केली तर ती लाट कापण्याऐवजी लाटेत घुसते, असंच ना?

लाटमाप

अगदी तसंच. पाण्यापाशी नाळ बारीक हवी, पण वर जाताना ती बाहेर उमलत गेली पाहिजे. मग ती जितकी बुडेल तितका वर उचलणारा जोर वाढत जातो, आणि उडालेलं पाणी बाहेर फेकलं जातं. गुराबीचं उदाहरण मी माझ्या सहकाऱ्यांना सांगणार आहे.

सातपुडा_परिचारिका

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य सेवेत आहे. नर्मदेच्या काठच्या गावांत लसीकरणाला नावेनेच जावं लागतं. आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. कित्येक पाड्यांना आजही पाण्याचीच वाट आहे. तरंगता दवाखाना तिथे चालतो तो याच कारणाने. तुमचा धागा रात्री दोनदा वाचला.

भाऊ, तुम्ही सगळे चालत्या नावेबद्दल लिहिताय. मला थांबलेल्या नावेबद्दल सांगायचं आहे. तिथे धक्का नसतो, जेट्टी नसते. पाणी वर्षभर वरखाली होतं, त्यामुळे उतरायची जागा दर महिन्याला बदलते. कधी खडक, कधी गुडघाभर गाळ. नाळ काठाला टेकवायची आणि पुढूनच चढायचं-उतरायचं. दिवस भरलेली बाई, झोळीतला आजारी म्हातारा, सगळे पुढूनच. सपाट बुडाची नाव काठाला टेकली की स्थिर बसते. खोल व्ही असेल तर ती एका कुशीवर कलणार. अशा वेळी बाईला कसं उतरवायचं?

आणि दुसरं. २०१९ च्या संक्रांतीला भुषाजवळ नाव उलटली, माणसं गेली, मुलं गेली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. मला लाटेच्या धक्क्यापेक्षा त्याची भीती वाटते. काठ जवळ आला की सगळे एकदम उभे राहतात. उभे राहू नका म्हणून किती ओरडायचं? बुडाच्या आकाराने यावर काही करता येतं का, तेवढं सांगा.

गोमाईकाठ (धागाकर्ता)

ताई, काठाला टेकण्याचा विचार मी केलाच नव्हता. पहिल्या नावेत तो फक्त योगायोगाने जमला. लाटमाप सर, ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे.

लाटमाप

करता येतं, आणि खूप करता येतं. हा प्रतिसाद लांबेल, पण माझ्या मते धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा ताईंनीच काढला आहे.

नाव सरळ राहते ती दोन बिंदूंच्या झगड्यातून. एक, सगळ्या वजनाचा मध्य. दुसरा, मेटासेंटर: नाव थोडी कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर नावेच्या मधल्या उभ्या रेषेला ज्या बिंदूत छेदतो तो. मेटासेंटर वजनाच्या मध्यापेक्षा वर असेल तोवर नाव परत सरळ होते. दोघांतलं अंतर हीच तिची शिल्लक. शिल्लक संपली की नाव उलटते.

तुमच्या जुन्या नावेचं गणित केलं. नाव इंजिनसकट १.४ टन धरली. ४० माणसं, सरासरी ६० किलोची, म्हणजे २.४ टन. १.६ मीटर रुंदीला ती साधारण ३० सेंटिमीटर बुडते. मेटासेंटर बुडापासून ८६ सेंटिमीटरवर येतो. सगळे बाकावर बसलेले असतील तर वजनाचा मध्य ५७ वर, म्हणजे शिल्लक २९ सेंटिमीटर. चालेल. आता तेच ४० जण उभे राहिले. मध्य ७९ वर गेला. शिल्लक ७ सेंटिमीटर. त्यात बुडात साठलेलं पाणी कलत्या बाजूला धावतं, त्याने उरलेलीही खाल्ली जाते. मग कुणी एका काठाला वाकलं तरी पुरे.

ताई, तुमची भीती खरी आहे, हे आकड्यांत पाहून मी स्वतः काही वेळ गप्प बसलो होतो.

आता फक्त रुंदी वाढवू. १.६ ऐवजी २ मीटर. वजन तेच धरलं (पत्रा थोडा वाढेल) तर नाव २४ सेंटिमीटरच बुडते आणि मेटासेंटर १५२ सेंटिमीटरवर जातो. ४० माणसं उभी असली तरी शिल्लक ७३. रुंदी ४० सेंटिमीटरने वाढवली आणि शिल्लक दसपट झाली, कारण हिशेबात रुंदीचा वर्ग येतो. बाक खाली घेतले तर आणखी फायदा.

याची किंमतही सांगतो. शिल्लक जितकी जास्त तितकी नाव ताठ, आणि कलून परत येताना झटका देते. कलून सरळ व्हायचा ताल अंदाजे असा निघतो: रुंदीला ०.८ ने गुणा आणि शिल्लकेच्या वर्गमुळाने भागा, सगळं मीटरमध्ये. जुनी नाव बसलेल्या माणसांसह सुमारे २.४ सेकंद घेते, नवी १.६ घेईल. आडव्या लाटेत नवी नाव जास्त हिसके देईल. म्हणून नाविक काकांच्या पट्ट्या नक्की लावा.

नाविक_एरंडोल

लाटमाप यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडतो. शिल्लक कितीही असली तरी ती नावेची कड पाण्याबाहेर असेपर्यंतच. १८७० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिशांची 'कॅप्टन' ही नवी युद्धनौका स्पेनजवळ वादळात उलटली, जवळपास पाचशे माणसं गेली. तिचा काठ पाण्यापासून ८ फूट उंच राहील असा आराखडा होता, बांधून झाल्यावर वजन वाढल्याने तो साडेसहा फूटच राहिला. थोडी जास्त कलली की डेक पाण्यात, आणि डेक पाण्यात गेला की सरळ करणारा जोर घटत जातो. त्याच वादळात बरोबरीची उंच काठाची 'मोनार्क' सुखरूप राहिली.

माणसं जास्त भरली की दोन्ही गोष्टी एकदम होतात: मध्य वर जातो आणि काठ खाली येतो. गोमाईकाठ भाऊ, नावेच्या दोन्ही अंगांना बाहेरून लाल रंगाची जाड रेघ मारा. रेघ पाण्याखाली गेली की नाव सुटणार नाही. अक्षरओळख नसलेल्यालाही ती रेघ वाचता येते.

केळीवाला_रावेर

दोन अरुंद नावा शेजारी जोडल्या तर? कॅटामरान म्हणतात तसं. उलटणारही नाही आणि लाटही कापेल.

लाटमाप

विचार चांगला आहे. कॅटामरान हा शब्दच तमिळमधल्या 'कट्टुमरम'वरून, म्हणजे बांधलेली लाकडं, यावरून आला. पण लोखंडात दोन बुडं म्हणजे पत्रा आणि वजन दोन्ही वाढणार, आणि भार टाकला की दोन्ही अरुंद बुडं भराभर खाली बसणार. मग मधला प्लॅटफॉर्म लाटेला टेकतो आणि खालून तीच धाडधाड सुरू होते. शिवाय ताईंनी सांगितलेल्या खडकाळ काठावर दोन नाळा एकदम नीट टेकत नाहीत. मोठ्या निधीतून बार्ज बनवायचा असता तर मी हेच सुचवलं असतं.

देवगडची_लेक

सगळं वाचून वाटतं ते लिहिते. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मगच मोसम मानायचा. बाबा म्हणायचे, होडी चांगली असली म्हणून उधाणात घालायची नाही. तुमच्या गावाला बंद ठेवण्याची सोय नाही, दवाखान्याला जावंच लागतं, हे ताईंच्या लिहिण्यातून कळलं. तरी दुपारी वारं भरतं ते तास टाळून सकाळची फेरी ठेवता येईल का, बघा.

गोमाईकाठ (धागाकर्ता)

मंडळी, महिनाभर गप्प होतो कारण काम चालू होतं. लाटमाप सरांशी फोनवर बोलून आराखडा असा ठरवला: लांबी ८ मीटरच, रुंदी २ मीटर. नाळेपाशी उचल २५ अंश, मागे येताना ती कमी होत होत शेवटी ८ अंश. नाळेचा तळ काठाला टेकेल तिथे पुन्हा थोडा चपटा ठेवलाय. पाण्यापाशी अरुंद, वर जाताना उमललेली. पत्र्याला वळण एकाच दिशेचं ठेवलंय, कारण दुहेरी वळण देणं माझ्या वर्कशॉपमध्ये शक्य नाही. एकेरी वळणाचा पत्रा साखळीने ओढून बसवता येतो.

पण त्याआधी सरांनी मॉडेल करायला लावलं. एक दशांश. जुनी नाव आणि नवी नाव, दोन्ही ८० सेंटिमीटरच्या. लांबी दहा पट कमी तर वजन हजार पट कमी, म्हणून ३.८ टनांऐवजी ३.८ किलो, नट-बोल्ट टाकून वजन जुळवलं. वेग मात्र दहाच्या वर्गमुळाने कमी, हा फ्रूडचाच नियम. म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या जागी सेकंदाला एक मीटरपेक्षा थोडं जास्त, म्हणजे माणसाची साधी चाल.

मामांच्या शेततळ्यावर गेलो. एका टोकाला मुलगा फळी घेऊन बसला, दहा सेकंदांत सोळा वेळा पाण्यात दाबायची. त्याने तीन सेंटिमीटरच्या लाटा उठतात, खऱ्या ३० सेंटिमीटरच्या बदली. आप्पा कडेकडेने दोरा धरून चालले. वय ७४, पण हात अजून नावाड्याचा आहे, दोऱ्याला एकदाही हिसका बसला नाही.

सर म्हणाले होते की वजन, वेग, लाट सगळं या नियमाने लहान केलं तर धक्का मात्र लहान होत नाही, जवळपास खऱ्याइतकाच राहतो. म्हणून दोन्ही मॉडेलांच्या नाळेवर डब्याचं झाकण उताणं चिकटवलं आणि त्यात ज्वारीचे दाणे ठेवले. मॉडेलमध्ये दाणा उडाला तर खऱ्या नावेत मांडीवरचं पोर उडणार.

जुन्या नावेचं झाकण तळ्याच्या मध्यापर्यंत रिकामं झालं. मी ते बघत उभा होतो. तीन वर्षं लोक त्यात बसले आहेत.

नव्या नावेत काही दाणे कडेला सरकले, दोन-तीन पडले, बाकी पलीकडच्या काठापर्यंत आले. आप्पांनी झाकण हातात घेतलं, दाणे मोजले नाहीत, फक्त म्हणाले, "आते बेस शे." म्हणजे आता ठीक आहे.

काल पत्रा कापायला घेतला. बाक ४० ऐवजी २५ सेंटिमीटर उंचीवर. बिल्ज कील दोन्ही बाजूंना साडेतीन मीटर लांब. लाल रेघ मारणार आहे. जुनी नावही परत मागवली आहे. तिच्या दोन्ही अंगांना बंद पोकळ डबे जोडून रुंदी वाढवायची आणि नाळ बदलून द्यायची, खर्च माझा.

सातपुडा_परिचारिका

भाऊ, डोळे भरून आले वाचताना. एकच मागणं आहे. नाळेवरून उतरायला एक फळी कराल का, बिजागरीची, काठावर टाकता येईल अशी? झोळी धरून दोघं शेजारी नाही, पण एकापाठोपाठ चालू शकतील एवढी रुंद.

गोमाईकाठ (धागाकर्ता)

करतो ताई. ७५ सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब, खडबडीत पत्र्याची, म्हणजे ओली असली तरी पाय घसरणार नाही. चालताना ती आत दुमडून खाली ठेवायची, उभी नाही, नाहीतर वजन पुन्हा वर जाईल. पुढच्या आठवड्यात तुम्ही शहाद्याला आलात तर वर्कशॉपवर या, झोळीची खरी रुंदी बघून बिजागऱ्या बसवू.